मंगोलियातील ऋतू आणि सण

मंगोलिया हा पशुपालकांचा देश. तेथील हिवाळा फार कडक. पारा शून्याखाली ३० अंशांहूनही खाली उतरतो. दक्षिणायन संपले, की तेथील लोक नऊ-नऊ दिवसांचे नऊ भाग करून थंडीचे ८१ दिवस मोजू लागतात. ही मोजणी चालू असतानाच चांद्र नववर्ष येते. त्या सणाचे नाव ‘त्सागान सार’, म्हणजे शुभ्र मास. त्या दिवशी धाकटी माणसे वडीलधाऱ्यांच्या कोपरांखाली हात देऊन त्यांना अभिवादन करतात आणि ‘गुरे सुखरूप आहेत ना?’ अशी परस्परांची विचारपूस होते. हा केवळ शिष्टाचार नव्हे. २००९ चा उन्हाळा कोरडा गेला. पुढे हिवाळ्यात उरलासुरला चारा हिमाखाली गाडला गेला आणि लक्षावधी जनावरे दगावली.

उन्हाळ्यात कुरणे हिरवी होतात, घोड्या दूध देऊ लागतात. मग ११ जुलैपासून ‘नादाम’ हा उत्सव सुरू होतो. कुस्ती, तिरंदाजी आणि घोड्यांच्या शर्यती हे त्यातील तीन मुख्य खेळ. मुलांनो, शर्यतीतील स्वार तुमच्याएवढे, किंबहुना तुमच्याहूनही लहान असतात!

एक सण संकटातून तरल्याचा, दुसरा सुकाळाचा. पशूंचे सुखदुःख हेच ज्यांचे सुखदुःख, त्यांचे सण ऋतूंच्या पावलांनी यावेत, यात नवल ते काय?