मालवाहू पिकअप आणि जुनी उघडी मोटार

व्यापाऱ्याच्या दारात उभे असलेले वाहन हे त्याच्या खातेवहीतील एक पानच होय. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींपुढे आणि बेळगावच्या पेठेत आज पिकअप गाडी सर्रास दिसते. उलट, कोल्हापूरच्या शाही दसऱ्यास छत्रपती घराण्याची जुनी उघडी मेबॅक मोटार पाहण्यास लोक लोटतात. दोन्ही वाहने चारचाकीच. परंतु एकीची किंमत कामावर ठरते, दुसरीची स्मृतीवर.

प्रथम साम्य पाहू. आजच्या घरगुती मोटारीत छप्पर, खांब व तळ एकजीव होऊन भार पेलतात. उघड्या मोटारीस पक्के छप्परच नाही, आणि पिकअपचा हौदा केबिनपासून अलग असतो. म्हणून दोहोंचाही मुख्य भार खालच्या लोखंडी चासीवर येतो. मेबॅकच्या काळी उंची मोटारींचे कारखाने पुष्कळदा इंजिनासह चासीच विकीत. वरचा साज निराळे कारागीर चढवीत.

आता भेद. मेबॅकचा कारखाना 1909 साली झेपेलिन विमाननौकांची इंजिने करण्यासाठी निघाला. त्याच्या मोटारींत संथ व डौलदार चाल हेच भूषण मानले गेले. पिकअपचा हेतू ओझे वाहणे हा आहे. बोलेरो पिकअपमध्ये 2523 घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन असून प्रकाराप्रमाणे 1300 ते 1700 किलो माल वाहता येतो. तिच्या मागील कमानपट्ट्या ओझ्यासाठीच ताठ असतात. म्हणून रिकामी गाडी उसळते, आणि ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबल्यास तिची मागची चाके घसरण्याचा संभव असतो. तंबाखूचे बोद हौद्याच्या मागच्या टोकास न रचता केबिनकडे सरकवून, दोन्ही बाजूंस सारखे लावावेत. स्तवनिधीजवळच्या तवंदी घाटात उतरताना खालचा गिअर ठेवावा; चार बोद अधिक भरून वाचवलेले भाडे एका अपघातात शतपटीने जाते, आणि माणूस गेल्यास त्याची भरपाई कोणत्याच वहीत नाही.

कायद्यानेही हा भेद मान्य केला आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुने व मूळ स्वरूपात राखलेले दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीस 20,000 रुपये शुल्क असून ती 10 वर्षे चालते. पूर्वीची नोंदणी असल्यास जुना क्रमांक कायम राखता येतो. मात्र असे वाहन प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, धंद्यासाठी नव्हे.

सभासद बंधूंपैकी कोणाच्या वाड्यात आजोबांची उघडी मोटार धूळ खात पडली असेल, तर ती भंगारात देण्यापूर्वी तिचे कागद शोधावेत. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. जुनी नोंदणी त्या राज्याची असू शकेल. इंजिन किंवा सांगाडा मात्र बदलू नये, कारण मूळपण गेले की तिचे मोल गेले. तिचे सुटे भाग बाजारात सहसा मिळत नाहीत, हाताने घडवून घ्यावे लागतात. तो खर्च दुकानाच्या भांडवलातून न करता घरखर्चातून करावा, हेच हिशेबास धरून आहे.