शेजारणीचं सुतक नसतं

आमच्या डोकमर्डीतल्या माई गेल्या महिन्यात गेल्या. ऐंशी कधीच ओलांडली होती. चार दिवसांचं आजारपण, शेवटपर्यंत शुद्धीवर, लेक जवळ. ‘सोनं झालं’ असं भेटायला येणारे म्हणत होते आणि त्यात काही खोटं नाही.

माई आमच्या नात्यातल्या नव्हत्या. गाव वेगळं, जात वेगळी. दोन घरांमध्ये एक भिंत, एवढाच काय तो संबंध. पण या भिंतीनेच आमची दोन घरं चाळीस वर्षं धरून ठेवली.

माहेर जव्हारचं. १९६६ साली लग्न होऊन त्या सिल्वासात आल्या. यजमान प्राथमिक शिक्षक. दादरा-नगर हवेलीतलं पोर्तुगीज राज्य १९५४ साली संपलं, २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं, पण रीतसर भारतात सामील व्हायला १९६१ उजाडलं. मधल्या सात वर्षांत इथला कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. माईंच्या सासूबाईंनी तो काळ अनुभवलेला. त्यांच्या गोष्टी माईंच्या तोंडून आमच्यापर्यंत आल्या. मुक्तिलढ्यात सुधीर फडके होते, याचा माईंना कोण अभिमान! रेडिओवर बाबूजींचा आवाज आला की त्या भिंतीपलीकडून हाक मारायच्या, “ऐका गं पोरींनो, आपल्या सिल्वासाचा सैनिक गातोय!”

माझ्या वडिलांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली आणि १९८४ साली आम्ही डोकमर्डीत आलो. करसवलतींमुळे त्या काळात कारखान्यांची रांग लागली होती. शेतांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून माणसं आली. माई भाजीवालीशी वारलीत बोलत, समोरच्या बेनशी गुजरातीत आणि चाळीतल्या पोरांशी स्वतःच्या खास हिंदीत. “बैठो रे, चाय पिऊन जाओ,” असं म्हटलं की कुणाची ना म्हणायची टाप नव्हती. त्या पोरांच्या मनिऑर्डरीचे फॉर्म माईंच्या ओसरीवरच भरले जात.

१९८६ च्या पावसाळ्यात माझ्या भावाचा जन्म झाला. वडील रात्रपाळीला, बाहेर धो धो पाऊस, आणि आईला कळा सुरू झालेल्या. माईंनी दूधवाल्याला उठवलं, त्याच्या टेम्पोत गोधडी अंथरली आणि आईला दवाखान्यात नेलं. मला त्यांच्या सासूबाईंच्या कुशीत झोपवलं होतं. सकाळी भाऊ झाल्याचं माईंनीच येऊन सांगितलं. तेव्हापासून दोघींचा चारचा चहा एकत्र. एक दिवस आमच्याकडे, एक दिवस त्यांच्याकडे.

भांडणंही झाली. एकदा शेवग्याच्या फांदीवरून चांगला तीन दिवस अबोला होता. पण त्या तीन दिवसांतही माईंकडची भाजीची वाटी यायची चुकली नाही. फक्त ती मुलीच्या हाती यायची. आणि आमची वाटी त्यांच्याकडे परत जाताना रिकामी कधीच जात नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी.

तेरावं झाल्यावर माईंची लेक आमच्याकडे आली. स्वयंपाकघर आवरताना आईचं नाव कोरलेली स्टीलची वाटी तिला सापडली होती. तिने ती साखर घालून आणली. आई इतके दिवस रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की भेटायला येणारी सगळी माणसं आमच्या दारावरून माईंच्या घरी गेली. आईला भेटायला कुणी आलं नाही. यात कुणाचाच दोष नाही. आपल्याकडे सुतक असतं ते रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्याला. लांबच्या चुलत दिराला दहा दिवस पाळायचे असतात, पण चाळीस वर्षं रोज सोबत चहा घेणाऱ्या मैत्रिणीला एकही नाही. लेकीला आई गेल्याचं दुःख करायला तेरा दिवस मिळाले, चार माणसं मिळाली. माझ्या आईने दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कुकर लावला.

वय वाढतं तशी माणसं कमी होत जातात. मुलं नोकरीला बाहेर, यजमान गेलेले. अशा वेळी बायकांचं सगळं जग शेजारच्या एका दारात असतं. ते दार बंद झालं की औषधाच्या वेळा चुकतात, जेवण कमी होतं, आणि घरातल्यांना वाटतं, वय झालं. वय झालेलं असतंच. पण बोलायला कुणी उरलेलं नसतं, हे त्याहून मोठं असतं.

म्हणून एकच विनंती. तुमच्या गल्लीत एखादी आजी गेली, तर तिच्या घरी जाऊन याच. पण येताना तिच्या मैत्रिणीच्या दारातही थांबा. पाच मिनिटं बसा. गेलेल्या बाईविषयी तिला बोलू द्या. तिच्याकडे इतरांना माहीत नसलेलं पुष्कळ असतं.

आमच्या समोरच्या बेन हल्ली दुपारी येऊन बसतात. अर्धं गुजराती, अर्धं मराठी, आणि विषय बहुतेक माईच. माईंना आमच्या दोन्ही घरांची श्रद्धांजली.