जर-तरमधून काय निघते, काय निघत नाही

‘जर अमुक असेल, तर तमुक असते’ अशी विधाने दिवसभर आपल्या कानांवर पडतात: सरकारी नियमांत, डॉक्टरांच्या सल्ल्यात, निवडणुकीच्या भाषणांत. त्यांतून आपण झटकन निष्कर्ष काढतो आणि माहिती बरोबर असूनही चुकतो. ‘जर’कडचा भाग म्हणजे पूर्वांग आणि ‘तर’कडचा भाग म्हणजे उत्तरांग. पूर्वांगाकडून उत्तरांगाकडे जाणारा हा रस्ता एकेरी आहे, हे विसरल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

गैरसमज १: नियम उलटा वाचला तरी अर्थ तोच राहतो.

वस्तुस्थिती: न्यायशास्त्रातले जुने उदाहरण घ्या. जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो. पर्वतावर धूर दिसतो. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. हे अनुमान पक्के. पण कोणी ‘जेथे अग्नी तेथे धूर’ म्हणाले, की नैयायिक तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवतात. तिथे अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला ओले सरपणही लागते. असे एक प्रतिउदाहरण सापडले की उलटा नियम कोसळतो.

भूमितीत अशा उलट विधानाला व्यत्यास म्हणतात. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास खरा आहे, तरीही युक्लिडने त्याची सिद्धता स्वतंत्रपणे दिली. त्याच्या भूमितीवरील ग्रंथाच्या पहिल्या खंडात मूळ प्रमेय ४७वे, तर व्यत्यास ४८वा. व्यत्यास खरा असू शकतो, पण मूळ विधान खरे आहे एवढ्यावरून तो खरा ठरत नाही.

गैरसमज २: पूर्वांग खोटे ठरले की उत्तरांगही खोटेच.

वस्तुस्थिती: ‘संख्येला ४ ने पूर्ण भाग जात असेल, तर ती सम असते.’ ६ ला ४ ने पूर्ण भाग जात नाही, तरी ६ ही सम संख्याच आहे. ७ लाही ४ ने पूर्ण भाग जात नाही आणि ती विषम आहे. पूर्वांग खोटे असताना उत्तरांगाबद्दल हा नियम काहीच सांगत नाही.

उत्तरांग खोटे असेल तेव्हा मात्र ठाम निष्कर्ष निघतो. ९ सम नाही, म्हणजे तिला ४ ने पूर्ण भाग जाणार नाही. थोडक्यात, पक्के मार्ग दोनच: पूर्वांग खरे, म्हणून उत्तरांग खरे; आणि उत्तरांग खोटे, म्हणून पूर्वांग खोटे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ क्रिसिपस याने सिद्धतेची गरज नसलेल्या मूलभूत अनुमानांत याच दोघांना पहिले दोन क्रमांक दिले होते.

गैरसमज ३: आवश्यक अट पूर्ण झाली की काम झाले.

वस्तुस्थिती: ‘मतदार यादीत नाव नसेल, तर मतदान करता येत नाही.’ यावरून एवढेच कळते की ज्याने रीतसर मतदान केले, त्याचे नाव यादीत होते. नाव असलेल्या प्रत्येकाला मत देता येईलच, असे त्यातून निघत नाही. केंद्रावर ओळखही पटवावी लागते. हातात मतदार ओळखपत्र आहे पण यादीत नाव नाही, अशा माणसालाही परत फिरावे लागते. दोन्ही अटी आवश्यक आहेत आणि एकटी कोणतीच पुरेशी नाही.

गैरसमज ४: अनुमान बिनचूक असेल, तर निष्कर्ष खराच असतो.

वस्तुस्थिती: ‘प्राणी मासा असेल, तर तो कल्ल्यांनी श्वास घेतो. देवमासा मासा आहे. म्हणून देवमासा कल्ल्यांनी श्वास घेतो.’ या अनुमानाची रचना निर्दोष आहे, पण देवमासा सस्तन प्राणी असल्याने दुसरे विधानच खोटे आहे. रचना वैध असली की एवढीच हमी मिळते: आधारविधाने खरी असतील, तर निष्कर्ष खरा असेल. ती खरी आहेत की नाहीत, हे निरीक्षणाने आणि पुराव्यानेच ठरवावे लागते.

गैरसमज ५: नियम तपासायचा, तर त्याला दुजोरा देणारी उदाहरणे गोळा करावीत.

वस्तुस्थिती: ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन याने १९६६ मध्ये मांडलेले कोडे मराठी अक्षरांत असे होईल. चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. वर दिसतात अ, क, ४ आणि ७. नियम असा: ‘एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो.’ नियम पडताळण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील?

पुष्कळ लोक अ आणि ४ निवडतात. बरोबर उत्तर अ आणि ७. ४ च्या मागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. सुरुवातीच्या प्रयोगांत दहा टक्क्यांहूनही कमी लोकांना हे उत्तर आले.

१९८२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी अमेरिकेतील फ्लोरिडात याच रचनेचा प्रश्न बिअर पिणाऱ्यांच्या किमान वयाबद्दल विचारला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर आले. कोणाला तपासायचे हे त्यांना लगेच उमगले: जो बिअर पितो आहे तो, आणि जो वयाने लहान आहे तो. म्हणजे ही क्षमता आपल्यात असतेच, अनोळखी विषयात ती आपोआप जागी होत नाही एवढेच. म्हणून जर-तरचे कोणतेही विधान समोर आले की आधी विचारावे: हे खोटे ठरवणारी परिस्थिती नेमकी कोणती? पूर्वांग खरे आणि उत्तरांग खोटे, अशी ती एकच असते. तपास तिथूनच सुरू करावा.