स्कॉटिश तलवारीचे जर्मन पाते

मुठीभोवती लोखंडी पट्ट्यांची जाळी, आत लाल अस्तर आणि पुढे सरळ, रुंद पाते. स्कॉटिश लष्करी अधिकाऱ्यांची ही जुनी तलवार पाहताच ओळखू येते. तरी तिच्याविषयी बरेच काही ऐकीव चालत आले आहे.

सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ती टोकापासून मुठीपर्यंत स्कॉटलंडची. मूठ खरोखर तिथलीच. ग्लासगो आणि स्टर्लिंगच्या कारागिरांनी, विशेषतः स्टर्लिंगच्या वॉल्टर अॅलनने, १८व्या शतकात घडवलेल्या मुठी हे लोहारकामाचे उत्कृष्ट नमुने आहेत. पाते मात्र बहुधा जर्मनीतल्या झोलिंगेनचे असे. त्यावर ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव कोरलेले असले की मालक हरखून जातो. हा इटलीतला १६व्या शतकातला नामांकित कारागीर. पण त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक पिढ्या झोलिंगेनचे लोक ते नाव पात्यावर उमटवत राहिले. आपल्याकडच्या फिरंगी तलवारीतही युरोपातले पाते आणि इथली मूठ असा मेळ असे. म्हणूनच अशी तलवार पारखताना मूठ आणि पाते यांचे वय वेगवेगळे ठरवायला हवे. अधिकारी आपली तलवार स्वतः विकत घेत, आणि घराण्यातले जुने पाते नव्या मुठीत बसवून घेणारेही होते.

जाळीची मूठ फक्त स्कॉटलंडची, हेही खरे नाही. १५४५मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेच्या अवशेषांत तशी तलवार सापडली आहे.

ही स्कॉटिश तलवार फार जड होती, असेही म्हणतात. प्रत्यक्षात वजन १ ते १.५ किलोच्या आसपास. एका हाताने चालवायचे शस्त्र याहून जड असून कसे चालेल?

१७४६मध्ये स्कॉटलंडमधल्या कलोडेनच्या लढाईत ब्रिटिश सरकारविरुद्ध उठलेले हायलँडर, म्हणजे तिथल्या डोंगराळ हायलँड्स भागातले लोक, केवळ तलवारींनिशी लढले, हे चित्र तर पुसूनच टाकावे. लढाईनंतर सरकारी सैन्याने मैदानावरून २,३२० बंदुका गोळा केल्या, तलवारी जेमतेम १९०. त्यानंतर हायलँड्समध्ये शस्त्रबंदी कडक झाली. ब्रिटिश सैन्यातल्या हायलँड पलटणींत मात्र ही तलवार टिकली. १८२८मध्ये अधिकाऱ्यांसाठी तिचा नमुना ठरवण्यात आला.

तो नमुना आजही रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडचे अधिकारी संचलनात वापरतात. पण म्हणून ती केवळ मिरवण्याची वस्तू ठरत नाही: डिसेंबर १९४१मध्ये नॉर्वेतल्या वॉग्सॉय बेटावरच्या छाप्यात जॅक चर्चिल हा ब्रिटिश कमांडो अधिकारी अशीच तलवार घेऊन किनाऱ्यावर उतरला होता.

अशी तलवार तुमच्या हाती आली, तर ती घासूनपुसून चकचकीत करू नका. पात्यावरच्या पुसट खुणा एकदा गेल्या की तिचे मूळ शोधायला काही उरत नाही.