चेंडूच्या पोटातील रसायन

इंदूरच्या रेसकोर्स मार्गावरील अभय प्रशाल हे क्रीडागृह टेबल टेनिसप्रेमींना सुपरिचित आहे. तेथील टेबलावर टपटपणारा पांढरा चेंडू आणि गोल्फचा चेंडू शेजारी शेजारी ठेवले, तर आकारात फारसा फरक दिसत नाही. एकाचा व्यास सुमारे ४० मिलिमीटर, दुसऱ्याचा किमान ४२.६७ मिलिमीटर. हातात घेतले की मात्र अंतर कळते. टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅम वजनाचा, तर गोल्फचा ४५.९३ ग्रॅमपर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा पट जड. पहिला पोकळ, दुसरा भरीव. चेंडू कोणत्या द्रव्याचा बनला आहे यावर खेळाचा वेग, चेंडूचे आयुष्य आणि त्याची किंमत अवलंबून असते. खेळणाऱ्याची सुरक्षितताही त्यावरच अवलंबून असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

थरावर थर

गोल्फचा चेंडू पूर्वी चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून शिवीत. १८४८ च्या सुमारास मलायातील एका झाडाचा वाळलेला चीक, गट्टापर्चा, वापरात आला आणि चेंडू स्वस्त झाला. गुळगुळीत चेंडूपेक्षा खेळून खेळून ओरखडे पडलेला चेंडू अधिक चांगला उडतो, असा अनुभव आला. तेव्हापासून चेंडूवर मुद्दाम खुणा कोरण्यात येऊ लागल्या. आजच्या चेंडूवरील खळगे त्यांचेच सुधारलेले रूप होय. १८९८ मध्ये अमेरिकेतील कोबर्न हॅस्केल यांनी रबराचा धागा ताणून गुंडाळलेला चेंडू तयार केला. पुढे कृत्रिम द्रव्यांचे युग आले. आता गाभा पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबराचा असतो. वरचे कवच आयोनोमरचे असल्यास चेंडू चिवट व टिकाऊ होतो, पॉलियुरेथेनचे असल्यास त्याला फिरकी चांगली मिळते. असा प्रत्येक थर आपापले काम करतो.

हस्तिदंताला पर्याय

टेबल टेनिसच्या चेंडूचा इतिहास याहून उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत व त्यापायी असंख्य हत्तींचा बळी जाई. हस्तिदंताला पर्याय शोधताना अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड तयार केले. कापसासारख्या तंतूंवर नत्राम्लाची प्रक्रिया करून मिळणाऱ्या नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळला की हे द्रव्य सिद्ध होते. उष्णतेने ते मऊ होते, हवा तो आकार घेते आणि थंड झाल्यावर तो आकार राखते. १९०० च्या सुमारास त्याचे हलके, पोकळ चेंडू टेबल टेनिससाठी वापरात आले आणि शतकाहून अधिक काळ टिकले.

धोका कोठे आहे?

सेल्युलॉइड अत्यंत ज्वालाग्राही आहे. ज्वलनास लागणारा प्राणवायू पुष्कळ अंशी त्याच्या घटकांतच असतो, त्यामुळे झाकून अथवा गुदमरवून त्याची आग विझवणे कठीण जाते. आरंभीच्या चित्रपटांची फिल्म याच जातीच्या द्रव्याची होती. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची अनेक रिळे भस्मसात झाली. तो ठेवा पुन्हा मिळणे नाही.

हा धोका ओळखून आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाने जुलै २०१४ पासून सेल्युलॉइडविरहित प्लास्टिकचा चेंडू प्रचारात आणला. त्याचा व्यास किंचित मोठा असून फिरकी थोडी कमी मिळते, त्यामुळे खेळाडूंना आपल्या फटक्यांत बदल करावे लागले. साहित्यातील द्रव्य बदलले की खेळ बदलतो, याचा प्रत्यय मुंबईने पूर्वीच घेतला होता. १९५२ च्या फेब्रुवारीत तेथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातो यांनी जाड स्पंज लावलेल्या बॅटने विजेतेपद पटकावले. त्या बॅटचा आवाजच येत नसल्याने प्रतिस्पर्धी गोंधळून गेले होते.

शाळांनी व क्रीडामंडळांनी घ्यावयाची काळजी

गावोगावच्या शाळांच्या कपाटांत जुने चेंडू पडून असण्याचा संभव आहे. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. नव्या प्रकारच्या चेंडूवर ‘४०’ या आकड्यापुढे अधिक चिन्ह छापलेले असते. खरेदी करताना ते पाहून घ्यावे.

२. जुना चेंडू बोटाने जोराने घासून हुंगावा. कापराचा वास आल्यास तो सेल्युलॉइडचा समजावा. खात्री करण्यासाठी काडी लावून पाहू नये.

३. असे चेंडू चूल, स्टोव्ह, विजेचा दिवा व कडक ऊन यांपासून दूर, हवेशीर जागी ठेवावेत. त्यांचा मोठा साठा करू नये.

४. फुटलेले चेंडू कचऱ्याबरोबर पेटवू नयेत. भपकन उठणारी ज्वाला पाहण्याच्या मौजेने मुले ते जाळतात. शिक्षकांनी त्यांना यापासून परावृत्त करावे.

ही दक्षता घेण्यास काहीच खर्च येत नाही. विज्ञानाच्या तासाला हे दोन चेंडू वर्गात नेऊन दाखविल्यास ज्वलन, घनता आणि बहुवारिके हे पाठ्यपुस्तकातील विषय विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष हाती येतील, आणि खेळाचे साहित्य जपून वापरण्याची सवयही त्यांना लागेल.