उजव्या खुर्चीचा आवाज

२२ मे २०१०, सकाळी सहाचा सुमार. दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ मंगळूरच्या धावपट्टीकडे येत होतं, आणि जितक्या उंचीवर असायला हवं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर होतं. विमानतळाचं रडार दोन दिवस बंद असल्यामुळे खाली यायला सुरुवातच उशिरा झाली होती. कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरवर त्याआधीचा दीड तासाहून अधिक काळ कॅप्टनच्या तोंडून एक शब्द नाही, आहे तो झोपेतल्या जड श्वासांचा आवाज. धावपट्टी अडीच मैलांवर असल्यापासून उजव्या खुर्चीतला सहवैमानिक ‘गो अराउंड’ म्हणू लागला. उतरू नका, पुन्हा वर चला. तीनदा म्हणाला. यंत्रणाही ‘सिंक रेट’ (फार वेगाने खाली येताय), ‘पुल अप’ (वर घ्या) असं ओरडत होती. कॅप्टनने विमान तसंच खाली रेटलं. आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती सुमारे ५,२०० फुटांवर. तेव्हाही नेटाने ब्रेक दाबून धरले असते तर विमान थांबलं असतं, असं चौकशीत निष्पन्न झालं. कॅप्टनने मात्र पुन्हा उड्डाण करायचा प्रयत्न केला. पंख धावपट्टीच्या टोकाच्या काँक्रीटच्या बांधकामाला धडकला आणि विमान दरीत गेलं. १६६ जणांपैकी ८ वाचले.

चौकशी समितीचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. समितीने उंची, वेग, झोप, धावपट्टी असं सगळंच तपासलं. माझ्या मते त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की धोका ओळखणारा माणूस कॉकपिटमध्येच होता. नियमाने जे शब्द उच्चारायचे तेच त्याने उच्चारले. तरी काहीही बदललं नाही.

विमान उतरवताना दोन वैमानिकांची कामं वाटलेली असतात. एक जण चालवतो, दुसरा बघतो. ‘बघतो’ म्हणजे वेग, उंची, खाली येण्याचा दर, चाकं आणि फ्लॅप यांच्यावर नजर ठेवतो आणि फरक दिसला की बोलतो. ढगांतून येताना जमिनीपासून हजार फुटांवर, आणि हवा स्वच्छ असेल तर साधारण पाचशे फुटांवर सगळं ठरल्याप्रमाणे स्थिर असायला हवं. नसेल तर चर्चा करायची नसते, विमान वर न्यायचं असतं. कंपन्यांच्या नियमपुस्तकांत याहूनही पुढचं लिहिलेलं असतं: कॅप्टन प्रतिसाद देत नसेल तर सहवैमानिकाने नियंत्रण आपल्या हाती घ्यावं. कागदावर यापेक्षा स्पष्ट काय असणार?

इथे काही जण लगेच ‘आशियाई संस्कृती’ पुढे करतात. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडत नाहीत, म्हणून असं होतं म्हणे. ६ ऑगस्ट १९९७ ला ग्वामला कोरियन एअरचं ७४७ टेकडीवर आदळून २२८ जण गेले तेव्हापासून हे स्पष्टीकरण फारच लाडकं झालं आहे. तिथे उतरायला मदत करणाऱ्या आयएलएस यंत्रणेचा ग्लाइड स्लोप, म्हणजे खाली येण्याचा योग्य उतार दाखवणारा संकेत, बंद असल्याचं आधीच कळवलेलं होतं, तरी तो चालू असल्यासारखी चर्चा कॉकपिटमध्ये होत राहिली. सहवैमानिकाने अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) सोडून देऊ या असं म्हटलं तेव्हा हाताशी काही सेकंदच उरले होते. पण मग २८ डिसेंबर १९७८ चं पोर्टलंड कुठल्या संस्कृतीत घालायचं? युनायटेडचं डीसी-८. चाकांबद्दल शंका आली म्हणून कॅप्टन तासभर घिरट्या घालत राहिला आणि इंधन संपून विमान शहराच्या उपनगरात कोसळलं. इंधन घटत असल्याचं सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर दोघांनीही बोलून दाखवलं होतं, पण ते आकडे सांगितल्यासारखं. ‘आत्ता उतरलंच पाहिजे’ असं कुणीच ठणकावलं नाही. १० जण मेले. अस्सल अमेरिकन कॉकपिट होतं ते. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा भरवली आणि पुढे युनायटेडने ज्या प्रशिक्षणाचा पाया घातला, त्यालाच आज सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) म्हणतात. दरारा कुठल्याही देशात पिकतो. फार तर कुठे जास्त पिकतो, कुठे कमी.

दुसरा गैरसमज कौशल्याचा: वैमानिक निष्णात असला की धोका टळतो, असा. ७ ऑगस्ट २०२०, कोळिकोड. पुन्हा दुबईहून आलेलं एक्स्प्रेसचंच ७३७, पुन्हा टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरची धावपट्टी. कॅप्टन दीपक साठे हे भारतीय हवाई दलातून आलेले, मानाची तलवार मिळवलेले, अतिशय नावाजलेले वैमानिक. पाऊस कोसळत होता. पहिला प्रयत्न त्यांनी रीतसर सोडून दिला. दुसऱ्या वेळी ते विरुद्ध बाजूने, पाठीवर वारा घेऊन आले. विमान धावपट्टीवर तरंगतच राहिलं. तपास अहवालात सहवैमानिकाच्या आवाजाच्या पायऱ्या नोंदल्या आहेत आणि त्या वाचताना घशात आवंढा येतो. आधी ‘जस्ट चेक इट’. घरात आजोबांना ‘जरा बघता का’ म्हणावं, तसं. मग नुसतंच, अवघडल्या सुरात, ‘कॅप्टन’. शेवटी ‘गो अराउंड’. तोवर बरीच धावपट्टी मागे पडली होती. ८,८५८ फुटांपैकी ४,४३८ फुटांवर चाकं टेकली. २१ जण दगावले, दोघेही वैमानिक त्यांत होते. अहवालाने संभाव्य कारणांत कॅप्टनने नियम मोडल्याचं लिहिलं, आणि सहवैमानिकाने नियंत्रण हाती घेतलं नाही हेही लिहिलं. तरुण सहवैमानिकाने, काळ्याकुट्ट पावसात, तलवारवाल्या माणसाच्या हातून विमान काढून घ्यायचं होतं. वरिष्ठ जितका निष्णात, तितकं हे अवघड. ‘साहेबांनी काहीतरी विचार केलाच असेल’ असं मनात येणं स्वाभाविक आहे.

कराचीची गोष्ट वेगळी, कारण तिथे बोलणारा माणूस विमानात नव्हताच. २२ मे २०२०, म्हणजे मंगळूरला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, पाकिस्तानच्या पीआयए कंपनीचं एअरबस फार उंचावरून उतरायला आलं. आत दोघांच्या गप्पा करोनावर चाललेल्या. जमिनीवरच्या कंट्रोलरने उंची जास्त असल्याची जाणीव करून दिली, वळायला सांगितलं; वैमानिक म्हणाला, आम्ही ठीक आहोत. चाकं आत घेतलेल्या अवस्थेत इंजिनं धावपट्टीवर घासली गेली, विमान परत वर गेलं, आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडून ते वस्तीत कोसळलं. विमानातल्या ९९ जणांपैकी दोघे वाचले. इथे दरारा नव्हता, दोघांचंही एकमत होतं. एकमेकांना दुजोरा देणारे दोन वैमानिक म्हणजे सुरक्षेच्या हिशेबात एकच वैमानिक.

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार अस्थिर अप्रोचपैकी जेमतेम तीन टक्के वेळा वैमानिक वर जातात. बाकीचे तसेच उतरतात. बहुतेक सुखरूप उतरतात, आणि खरी पंचाईत हीच आहे. दर वेळी ‘जमलं की’ हा अनुभव पक्का होतो. शिवाय वर जायचं म्हणजे इंधन जळतं, वेळापत्रक कोलमडतं, काही जणांना तो आपल्या कौशल्याला लागलेला बट्टा वाटतो. गो अराउंडबद्दल कुणालाही जाब विचारू नये असं धोरण कंपन्या जाहीर करतात. पण वैमानिकाला धोरणापेक्षा कंपनीतला रिवाज आधी कळतो, आणि रिवाज परिपत्रकाने बदलत नाही. सिम्युलेटरमध्ये कॅप्टनने मुद्दाम चुकावं आणि सहवैमानिकाने खरोखर हात पुढे करून विमान घ्यावं, हे एकदा नव्हे तर हाताला सवय लागेपर्यंत करून घेतलं पाहिजे. आणि कॅप्टनने प्रत्येक उड्डाणाआधी ‘मला थांबवलंस तर राग येणार नाही’ एवढं तोंडाने म्हटलं पाहिजे.

मंगळूरच्या अहवालाने कॉकपिटमधल्या या विसंवादावर बोट ठेवलं होतं. दहा वर्षांनी झालेल्या कोळिकोडच्या अपघाताच्या अहवालाने पुन्हा तिथेच ठेवलं. कंपनी तीच, विमानाचा प्रकार तोच, नियमही जवळपास तेच.