बी.एस्सी.ला भूशास्त्र घेताय? आधी वणी बघा!

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांनो, भूशास्त्र मेजर घेणार असाल तर मायनरला डोळे झाकून रसायनशास्त्र घ्या. खनिजं समजायला तेच लागतं. गणित मात्र सोडू नका. पहिल्या वर्षी खनिजं-खडक, मग स्तरविज्ञान, संरचना आणि शेवटी भूजल, असा क्रम मला पटतो. फील्डवर्कला लांब कशाला जायचं? वणी-झरी पट्ट्यात पैनगंगा गटाचा प्राचीन चुनखडक, त्यानंतरचा गोंडवाना खडकांतला कोळसा आणि वर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, तिन्ही सापडतात. शिबल्याजवळ तर बेसाल्टचे षटकोनी खांब आहेत! भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायचं, तर यूपीएससीच्या परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते. त्यामुळे एम.एस्सी.साठी ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेची तयारी दुसऱ्या वर्षापासूनच करा.